प्रेताचं काम

महामार्ग वळला तेव्हा बंद पडलेलं मोटेल,
खोली नऊ.
दर ऑक्टोबरात दोन दिवस मी इथे मरतो.
चाळीस डॉलर, आणि दुपारी टर्कीचं सँडविच.
आधी रबरी बाहुला होता त्यांच्याकडे,
पण बाहुल्याच्या टाचेला भेगा नसतात,
त्याच्या खिशात काहीही ठेवा, ते त्याचं वाटत नाही.
माझ्या खिशात माझंच असतं:
खोकल्याच्या गोळ्या, ओमाहाच्या दातवाल्याचं कार्ड,
शाळेच्या बसची चावी, जी परत करायची राहिली.

पालथा पडतो मी, गालाखाली गालिचा.
मला दिसतात फक्त बूट.
नवे, करकरणारे, उंबऱ्याशी घुटमळणारे.

"हात खिशात घाला," लोर्ना प्रोहास्का सांगते,
"आणि आधी नुसतं बघा.
मेलेल्याला घाई नसते. असते ती तुम्हाला."
मग कुणी फ्रिज उघडून दुधाची तारीख वाचतं,
कुणी हीटरचा आकडा टिपतं,
कुणी बाटलीतल्या गोळ्या मोजतं:
तेवीस हव्यात, आहेत एकोणीस.
बूट एकदम जवळजवळ येतात, कुजबुज सुरू होते.
"गोष्ट रचू नका," लोर्ना म्हणते.
"चार कमी आहेत. एवढंच लिहा."

सकाळीच तिने माझ्या पाठीला जांभळा रंग फासलाय.
रक्ताला उतार कळतो; थांबलं की खाली साकळतं.
मी पालथा, आणि रंग पाठीला,
म्हणजे मेल्यावर कुणीतरी मला उलटवलंय.
दहांतल्या तिघांना हे उमगतं.
बाकीचे अजून गोळ्यांपाशीच.

यंदा ओकाम्पो नावाची एक आहे,
कत्तलखान्याच्या गावातली, बुटांना टाचेकडे चिखल.
सदरा वर सारण्याआधी तिने
स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटलं,
कुणाच्या घरात शिरताना पुटपुटतात तसं.
पाठ पाहिली, फोटो काढला, लिहिलं,
आणि सदरा पुन्हा खाली ओढला, कमरेपर्यंत, नीट.
यादीत हे कुठेच नव्हतं.
मी श्वास रोखून होतो. तो जरा जास्तच रोखला गेला.

दुसऱ्या दिवशी मी जिवंत.
खोली चारच्या दाराआड उभा, मेलेल्याचा बाप.
हे काम मी मागून घेतलंय.
लोर्नाने तेव्हा माझ्याकडे बराच वेळ पाहिलं होतं.

"गेला म्हणू नका," ती अंगणात बजावत असते,
"कुठे गेला, विचारतील.
हरवला म्हणू नका, शोधायला निघतील.
आपल्यात नाही म्हणू नका. मग कुणात आहे?
शब्द एकच आहे. तो दारातच ठेवा.
आणि ठेवून पळू नका."

त्या फेब्रुवारीत माझ्या दारात एक पोरगा आला होता,
टोपी हातात, नजर दिव्यावरच्या किड्यांच्या जाळीवर.
"लेलंडला आपण गमावलंय, सर," म्हणाला.
बाहेर उणे अठरा, रस्ते काचेसारखे.
मी टॉर्च आणायला आत गेलो.
बॅटऱ्या बदलल्या. बूट चढवले. एका बुटाची नाडी तुटली,
तर दुसरी शोधत बसलो.
पोरगा तसाच उभा होता, दार उघडं टाकून,
आणि गाडीत, मागच्या काचेआड, लोर्ना.

टकटक.
ओकाम्पो. तिने नाव विचारलं, मी सांगितलं.
आत येऊ का, विचारलं. माझ्या डोळ्यांत बघितलं.
"मिस्टर कुचेरा, तुमचा मुलगा मेला आहे."
इथे मी ओरडायचं असतं, चिठ्ठीवर तसं लिहिलंय.
मी म्हणालो, "बरं."
ती हलली नाही. घड्याळही पाहिलं नाही.
शेवटी लोर्नालाच शिट्टी वाजवावी लागली.

घरी आल्यावर आंघोळीला बसतो.
पाठीचा जांभळा अजून निघत नाही,
मधोमध, जिथे हात पोचत नाही तिथे.
पुढच्या वर्षी सांगणार आहे लोर्नाला, पोटाला लाव म्हणून.
मग कोडं कसलं उरलं, म्हणेल ती.